मढीतली सात मडकी

७ फेब्रुवारी १९५७. तुरीची डाळ करायची होती. तूर भिजवून, मातीचा हात देऊन, वाळवून झाली होती. त्या सकाळी मी जातं धुऊन उन्हात ठेवलं, खुंटा ढिला झाला होता तो ठोकून बसवला आणि पहिली मूठ घालणार तेवढ्यात दीर शेतातून परत आले. ही त्यांची यायची वेळ नव्हती.

"वैनी, मढीवर चुन्याची फुली मारून गेले सडकवाले," ते म्हणाले.

ओसरीवर माझ्या सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. मी मूठ परत टोपलीत टाकली. डाळ आज होणार नाही हे मला कळलं.

आमचं गाव मंठ्याच्या अलीकडे. उत्तरेकडून येणारी गाडीवाट आमच्या शिवारातून खाली गंगेकडे जायची. गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी. दुसरी गंगा आम्ही फक्त ऐकून होतो. या वाटेला, गावापासून हाकेच्या अंतरावर, पिंपळाखाली एक मढी होती. चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढी काळ्या दगडांची खोली. चुना नाही, लाकूड नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. दार इतकं बुटकं की कुणीही असो, वाकूनच आत जायचं. आत तिन्ही भिंतींना कोनाडे, आणि समोरच्या भिंतीत उंचावर एक झरोका.

मी लग्न होऊन आले तेव्हा नव्या नवरीला गावातले सगळे देव दाखवायची पद्धत होती. मारुती झाला, महादेव झाला, मग सासूबाई मला मढीकडे घेऊन गेल्या. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन आत वाकले. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत माठाजवळ येतो तसा गारवा. डोळे स्थिरावले तेव्हा कोनाड्यांतून मडकी दिसली, तोंडाला फडकं बांधलेली. देव कुठे दिसेना. ताट कुणापुढे धरावं कळेना.

"आत्याबाई, देव कुठंय?"

"देव न्हाई इथं," सासूबाई म्हणाल्या. "माणसं हाइत. नमस्कार कर."

मी नमस्कार केला. मी घाबरट नाही, पण कितीतरी जण माझ्याकडे बघत आहेत, आणि माझ्यावर त्यांचा काही राग नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. तशी शांतता मी पुन्हा कुठल्या देवळात अनुभवली नाही.

मढीची हकिगत मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूनं सांगितली होती. फार मागे मोठा दुष्काळ पडला. वरच्या अंगाची माणसं घरंदारं सोडून या वाटेनं खाली निघाली. गंगेला पाणी असेल, पाण्याकाठी काहीतरी पोटाला मिळेल, एवढ्याच आशेवर. पुष्कळ जण आमच्या शिवारापर्यंत आले आणि तिथेच बसले, ते उठले नाहीत. पिंपळाखाली एक गोसावी राहायचा. तो त्यांना जाळायचा. पण दुष्काळात लाकूड कुठून येणार? मिळेल त्या काट्याकुट्यांवर जाळायचा, हाडं अर्धीच जळायची. ती तो वेचून मडक्यात भरायचा, प्रत्येकाची वेगळी. गावातले लोक म्हणाले, महाराज, एका खड्ड्यात घाला की सगळी. तो म्हणाला, ही माणसं गंगेला निघालेली आहेत, आपापल्या पायांनी निघालेली आहेत, त्यांना पोचवायचं आहे.

मडकी ठेवायला त्यानं ही मढी रचली. स्वतःच्या हातानं, नाल्यातले दगड आणून. मग पाऊसपाणी सुरळीत झाल्यावर तो एकेक मडकं घेऊन पायी गंगेला जायचा, सोडून परत यायचा, दुसरं घ्यायचा. एकट्याच्या जन्माला पुरणारं ते काम नव्हतं. मरताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. गोसाव्याला जमिनीत समाधी देतात, पण मला जाळा. आणि माझं मडकं मढीतच ठेवा, सगळ्यांच्या शेवटी न्या.

गावानं त्याचं मडकं चुन्यानं तोंड लिंपून झरोक्याशेजारच्या सगळ्यांत उंच कोनाड्यात ठेवलं, आणि तेव्हापासून गावाचा नेम पडला. ज्याच्या घरचं माणूस गेलं आणि जो अस्थी घेऊन गंगेला निघाला, त्यानं जाताना मढीतलं एक मडकं सोबत न्यायचं. निवडायचं नाही. वाकून आत जायचं, हाताला लागेल ते घ्यायचं. नदीत आपलं माणूस सोडून झालं की त्याला सोडायचं आणि म्हणायचं, नाव माहीत नाही, गोत माहीत नाही, आमच्या घरचा आहे. नुसतं म्हणून भागायचं नाही. त्या दिवसापासून तो खरोखरच घरचा. पितृपक्षात त्याचंही पान मांडायचं, आपल्यामागे मुलांनी मांडायचं.

माझे मालक तापानं गेले तेव्हा मी तिशीत होते. सासऱ्यांनी आणि दिरांनी त्यांना गंगेला नेलं, सोबत एक मडकं नेलं. तेव्हापासून मी दरवर्षी दोन पानं मांडते. पहिल्या वर्षी दुसऱ्या पानावर काय वाढावं मला सुचेना. मालकांना आळूची भाजी आवडायची, त्यांच्या पानावर ती वाढली. याला काय आवडत होतं कोण जाणे.

सासूबाई म्हणाल्या, "भुकेनं मेलेल्याला आवडनिवड नसती. भरपूर वाढ."

असं करत करत पिढ्यानपिढ्या मढी रिकामी होत आली. १९४८ साली तिच्यात गोसाव्याचं धरून सात मडकी उरली होती.

त्या वर्षी श्रावणात माझे सासरे वारले. निजामाचं राज्य जायच्या आधीचे ते दिवस, गंगेकडची वाट बंद होती. कुठे कोण अडवील, काय करील याचा नेम नव्हता. दिरांनी सासऱ्यांच्या अस्थींचं मडकं रिवाजाप्रमाणे मढीबाहेरच्या पिंपळाला टांगलं. वाट मोकळी झाली की न्यायचं. पण भाद्रपदात आम्हालाच गाव सोडायची पाळी आली. सरहद्द जवळ होती. अर्धं गाव लोणारकडे पाहुण्यांकडे निघालं. निघताना दिरांनी मडकं झाडावरून काढून मढीत एका रिकाम्या कोनाड्यात ठेवलं. पावसापासून वाचेल म्हणून ठेवलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

चूक मागे राहिलेल्यांची म्हणावी, तर तीही म्हणवत नाही. घरं लुटली जातील म्हणून त्यांनी धान्याची पोती आणि तांब्यापितळेची भांडी मढीत नेऊन दडवली. हाडांच्या खोलीत कोण शिरणार? अगदी बराबर विचार होता. पण पोत्यांना जागा करायला कोनाड्यांतली मडकी खाली काढून एका कोपऱ्यात दाटीनं ठेवली. गोसाव्याचं तेवढं उंचावर असल्यानं राहिलं. धामधूम संपल्यावर पोती काढली, मडकी पुन्हा कोनाड्यांत ठेवली, जशी हाताला येतील तशी. धान्याबरोबर उंदीर आले होते. त्यांनी फडकी कुरतडून टाकली होती. सासऱ्यांच्या मडक्याला त्यांच्याच पटक्याची चिंधी बांधली होती, ती कुठल्या मडक्याची हे सांगायला उरली नाही. मडकी सगळी एकाच आव्यात भाजलेली असावीत तशी, काळवंडलेली, सारख्या आकाराची. गावात कुंभाराचं घर पिढ्यांपासून एकच.

आम्ही परत आलो, दीर मढीत गेले आणि तसेच बाहेर आले. गोसाव्याचं सोडून सात मडकी. त्यांतले एक माझे सासरे.

मंठ्याच्या गुरुजींनी उपाय सांगितला. अस्थी हरवल्या तर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो.

"हरवले कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "ते तर तिथं बसलेत. माणूस हजर असताना पुतळा कशाला?"

मी तेव्हाच म्हटलं होतं, सातही मडकी नेऊ. एक आपलं आहे हे तर नक्की. त्या ऐकेनात. मी नवऱ्याला अनोळखी म्हणून सोडणार नाही आणि अनोळख्याला नवऱ्याच्या नावानं हाक मारणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कधी तरी मला ओळख पटेल, तेव्हा नेऊ. तोवर पायात वहाण घालणार नाही.

आणि नाही घातली. आमची काळी जमीन उन्हाळ्यात तव्यासारखी तापते आणि बांधावर सगळ्या बाभळी. दर थोड्या दिवसांनी मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढायची. टाचांच्या भेगा इतक्या रुंद झाल्या होत्या की त्यांत माती बसून रुजेल असं वाटायचं. अमावास्येला त्या मढीत जाऊन बसायच्या. बाहेर आल्या की मी विचारायची, पटली का ओळख? त्या मान हलवायच्या. अशी वर्षं गेली, आणि चुकून सासरेच परक्या हातानं जायला नकोत म्हणून गावातल्या कुणीही तोवर मढीतलं मडकं नेलं नाही.

आणि आता चुन्याची फुली.

"कुणी मारली फुली?" मी दिरांना विचारलं.

"ओव्हरसियर आल्ता. म्हणला, सडक पक्की व्हायलीय, मढी बराबर मधी येते. पुढच्या बाजाराच्या आत मोकळी करा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलो, आत माणसं हाइत. तो म्हणला, बाहेर काढा. मी म्हणलो, मेलेली हाइत. मंग त्यानं टोपी काढली अन् जल्दी जल्दी सायकलीवर बसला."

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पुढच्या बाजाराच्या आत."

"आत्याबाई, आता ओळख पटायची वाट बघता येत नाही. सगळ्यांना घेऊन जाऊ."

"सात पानं, वैनी!" दीर म्हणाले. "सात अन् दादाचं अन् दादासोबतच्याचं. दरसाल एवढी पानं मांडायची? पितरं म्हणावं का गावजेवण? सोयरे विचारतील, तुमच्या घरात पटकी आल्ती का म्हणून."

"पानं मी मांडीन. पळसाची पानं तोडून पत्रावळी लावायचं काम तुमचं."

"बघा, सगळं कष्टाचं काम माझ्या गळ्यात."

"गळ्यात कुठं, हातात."

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तुम्ही दोघं बोलून राह्यले, पण न्यायचं कुणाला ते मी ठरवीन. उद्या मी मढीत जाते. एकेक मडकं हातात घेते. चाळीस वर्षं मी त्यांचं वैरणीचं ओझं उतरवून घेतलंय. हातात घेतलं की कळंल."

दीर माझ्याकडे बघत राहिले. सासूबाईंचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. मलाही कणकेचा गोळा हातात घेतला की भाकरी केवढी होईल ते कळतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आम्ही गेलो. त्या वेळी झरोक्यातून ऊन आत येतं. दीर बाहेर पिंपळाखाली बसले. मी आणि सासूबाई वाकून आत शिरलो. किती वर्षांनी मी तिथे आले होते, पण गारवा तोच, शांतताही तीच. झरोक्यातल्या उन्हाचा पट्टा तिरका येऊन एका रिकाम्या कोनाड्यात पडला होता. रिकामे कोनाडे मी आधी कधी नीट बघितले नव्हते. प्रत्येकात मडक्याच्या बुडाची गोल खूण होती. दगडावर, इतक्या वर्षांच्या ओझ्यानं उमटलेली. मी सहज मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. एवढ्या सगळ्यांना कुणी ना कुणी आमच्या घरचा म्हटलं होतं. आमच्या गावातलं असं घर नव्हतं ज्याच्यात या खोलीतलं माणूस नाही. मला ते तोवर कधी सुचलंच नव्हतं. आम्ही समजत होतो मढी गावाची आहे. खरं म्हणजे गावच मढीचं होतं.

सासूबाईंनी पहिलं मडकं उतरवलं. छातीशी धरलं, डोळे मिटले. थोड्या वेळानं परत ठेवलं. दुसरं घेतलं. तेही ठेवलं. मी नुसती उभी होते. तिसऱ्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि मला वाटलं, पटली. पण त्यांनी तेही ठेवलं. चौथं.

पाचवं छातीशी धरलं आणि मडक्याचं बूडच निसटलं.

वरचा भाग त्यांच्या हातात खापरं होऊन सुटला. मडकं छातीशी होतं म्हणून आतलं सगळं त्यांच्या पदरात पडलं. त्यांनी आपसूक पदर वर ओढून झोळी केली. तशाच त्या खाली बसल्या. मीही बसले. उन्हाचा पट्टा आता त्यांच्या मांडीवर होता.

ते मूल होतं. हाडं माझ्या करंगळीएवढी, काही त्याहून बारीक. कवटीचा एक तुकडा होता, करंजीच्या पारीएवढा, तसाच पातळ, तसाच वळलेला. कडेला धुरानं काळा, आतून पांढरा. मी दोन मुलं वाढवली आहेत, दोघांना तेल लावून न्हाऊ घातलं आहे. हा तुकडा कुठला हे मला कुणी सांगायला नको होतं. टाळूचा.

कुणीतरी त्याला कडेवर घेऊन या वाटेनं चाललं होतं. ते जे कुणी होतं, ते याच मढीतून केव्हाच गंगेला पोचलं असेल, कुणाच्या तरी घरचं होऊन. किंवा इथेच शेजारच्या कोनाड्यात असेल. गोसाव्यानं याचीही हाडं एकेक करून वेचली होती, एवढी बारीक हाडं राखेतून, आणि यालाही पुरं मोठं मडकं दिलं होतं. लहान आहे म्हणून लहान मडकं दिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही. एखाद्यानं केवढं काम केलं आहे ते अचानक दिसलं की येतो तसा.

सासूबाईंनी पदराची झोळी सावरून घेतली. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे आपलं हाय, थोरले."

"कोण, आत्याबाई?"

"कोण म्हंजी? लेकरू हाय. घरी जा, कोरं मडकं आण. मोठं आण."

मी उठले. दाराशी वाकले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "अन् त्याला सांग, गाडी जुंपायची तयारी कर म्हणावं. सगळ्यांना न्यायचं. हे एकटं कसं जाईल?"

बाहेर येऊन मी दिरांना सांगितलं. ते उभे राहिले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "मंग पत्रावळीचं बघावंच लागंल." कुंभाराकडे मडकं आणायला तेच पळाले.

दोन मुक्काम करून आम्ही गंगेवर पोचलो. गाडीत कडबा अंथरून त्यात मडकी बसवली होती, गोसाव्याचं मागे. उंच कोनाड्यातून ते काढताना दिरांना गाडीचं जू आत नेऊन, भिंतीला टेकवून त्यावर उभं राहावं लागलं होतं. वाटेत ज्यांना कळलं ते थांबून हात जोडायचे. एका गावात बायकांनी विचारलं, घरात किती जण गेले हो? सासूबाई म्हणाल्या, बरेच. आणखी विचारलं नाही कुणी. त्या गाडीत बसल्या नाहीत. चाकाशेजारून चालत राहिल्या. मी म्हटलं, बसा, त्यांना काय तुम्ही चालल्याचं कळणार आहे? त्या म्हणाल्या, ते चालतच निघाले होते.

गंगेला पाणी कमी होतं. अलीकडे लांबवर वाळू, वाळूत टरबुजांच्या वाड्या, त्यापलीकडे पाणी. दीर कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. मी गाडीतून मडकं आणून सासूबाईंच्या हातात द्यायची, त्या गुडघाभर पाण्यात जाऊन दिरांच्या हातात द्यायच्या. नेम असा होता की शब्द पाण्यात उभ्या माणसानं म्हणायचे. दिरांनी तोंड उघडलं तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणते."

"नाव माहीत न्हाई, गोत माहीत न्हाई. आमच्या घरचा हाय."

दिरांनी निघताना नवं बांधलेलं फडकं सोडलं, मडकं तिरकं केलं. हाडं पाण्यात गेली. इतकी वर्षं अंधारात होती, पाण्यात पडल्यावर क्षणभर चमकली आणि वाळूकडे उतरत गेली. मग दुसरं मडकं. मग तिसरं. लेकराच्या वेळी त्या म्हणाल्या, आमच्या घरचं हाय. शब्द तेवढा एकच बदलला.

मी कान देऊन ऐकत होते. कुठल्या तरी मडक्याला त्यांचा आवाज अडेल, हात थांबेल, आणि मला कळेल की हेच सासरे. आवाज अडला नाही. सात जणांना त्यांनी सारखंच म्हटलं, सारखंच दोन्ही हातांनी दिलं. चाळीस वर्षांच्या संसारातल्या माणसाला अनोळखी म्हणून सोडायचं नाही म्हणून ज्या इतकी वर्षं अडून बसल्या, त्यांनी अनोळखी कुणालाच ठेवलं नाही. असंही करता येतं हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. मी सात मडकी न्यायचं म्हणत होते ते अडचण मिटावी म्हणून. त्यांनी केलं ते निराळंच होतं.

शेवटी गोसाव्याचं मडकं. ते सगळ्यांत जड होतं, की मलाच वाटलं, सांगता येत नाही.

"याला काय म्हणायचं?" दिरांनी विचारलं. ते कुणी सांगून ठेवलं नव्हतं. इथवर कुणी पोचेल असं बहुतेक कुणाला वाटलंच नव्हतं.

सासूबाईंनी मडक्याच्या लिंपलेल्या तोंडावर हात ठेवला. "त्याला म्हणावं," त्या म्हणाल्या, "महाराज, मागं कुणी राह्यलं न्हाई."

दिरांनी ते तसंच म्हटलं आणि मडकं न फोडता पाण्यावर ठेवलं. चुन्यानं तोंड बंद होतं, म्हणून ते बुडालं नाही. हलत डुलत प्रवाहात गेलं, जिथून बाकीचे गेले होते त्याच अंगानं, आणि बरंच खाली गेल्यावर कुठे तरी चुना सुटला असावा. ते थांबलं, कलतं झालं आणि शांतपणे खाली गेलं. आम्ही तिघं तिथेच उभे होतो. टरबुजाच्या वाडीतला माणूसही काम सोडून उभा राहिला होता. त्याला काय माहीत होतं देव जाणे, पण त्यानं हात जोडले होते.

आंघोळी करून आम्ही वाळूवरून परत निघालो. सासूबाई पुढे चालत होत्या. ओल्या वाळूत त्यांची पावलं उमटत होती, टाचेच्या भेगांसकट. मी गाडीतून ज्वारीची एक काडी घेतली, एका पावलावर आडवी ठेवली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मापून मोडली आणि कमरेला खोचली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

त्या मढीचे दगड आता सडकेच्या पुलात बसले आहेत. वरून मोटारी जातात.

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही नदीकाठच्या धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, दीर बैलांना पेंड चारत होते तेव्हा मी एकटी गावातल्या वहाणा शिवणाऱ्याकडे गेले. त्याच्यासमोर काडी ठेवली. त्यानं काडीला लावून एक जोड काढला. बोटभर मोठा निघाला.

"छोटा करून देऊ का, बाई? दुपार होईल."

"नको," मी म्हटलं. "आत्ताच हवाय."

परत येऊन मी तो जोड गाडीच्या चाकाशी, सासूबाईंच्या पायांसमोर ठेवला. मग त्या घालतात का ते बघायला न थांबता मी बैल सोडून पाण्यावर घेऊन गेले.